वन्संचं भांडवल

गाडी शिकायला आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी एक गंमत कळायची. ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात बसून इतकी वर्षं पावत्या फाडणाऱ्या ताईंना गाडी चालवता येत नाही. दुसऱ्या दिवशी दुसरी गंमत कळायची. शेजारच्या सीटवर बसून क्लच-ब्रेक शिकवणाऱ्या वहिनीला हिशेबातलं ओ की ठो कळत नाही. दोघी नणंद-भावजया. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा नणंदेला मानाने ‘वन्सं’ म्हणायची. पुढे मान गळून पडला, अहो-जाहोही गेलं, पण वन्सं तेवढं राहिलं.

ऑफिस म्हणजे रस्त्याला लागून असलेली एक खोली. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, कोपऱ्यात कापून उघडा केलेला गिअरबॉक्स, आणि खिडकीपाशी वन्संचं टेबल. बाहेर तीन गाड्या. परवान्याच्या कचेरीतल्या खेपा आणि गाड्यांची दुरुस्ती वहिनीच्या नवऱ्याकडे, म्हणजे वन्संच्या मोठ्या भावाकडे. त्याला सगळं गाव दादा म्हणायचं.

तर या वन्संनी त्रेचाळिसाव्या वर्षी एका सकाळी चहा घेताना सांगितलं, की मी लग्न करतेय.

नवरदेव सगळ्यांच्या ओळखीचा होता. शिकाऊ लोकांची नजर तपासायला महिन्यातून एकदा दुसऱ्या गावाहून येणारा चष्मेवाला. अर्ध्या तासाचं काम, पण तो दुपार ऑफिसातच काढायचा. वन्सं त्याचा अक्षरांचा तक्ता पुसून देतात, एवढंच वहिनीने पाहिलं होतं. तिला आपल्याच नजरेची कीव आली.

आनंद झाला, मिठ्या मारून झाल्या, दादाने उगाचच घसा खाकरला. मग वहिनीला पावतीपुस्तकं आठवली.

“वन्सं, हिशेब कोण बघणार?”

“तू.”

“मी? अगं, दूधवाल्याची बेरीजसुद्धा मी त्याच्यावर सोडते.”

“म्हणूनच तर. पलीकडच्या कॉलेजात संध्याकाळचा वर्ग आहे. लेखाशास्त्राची ओळख, एका सत्राचा. तुझी फी भरून आलेय मी.”

“तू शिकव ना मला.”

“नाही. मी बघून-बघून शिकले. माझ्या खोडी तुझ्या हातात उतरतील. तूच म्हणतेस ना, नवऱ्याकडून गाडी शिकलेल्या बाईला पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं?”

आपलेच शब्द आपल्यावर उलटलेले बघून वहिनीने मान डोलावली. पण तिनेही एक अट घातली. चष्मेवाल्याचं दुकान त्या गावाच्या एका टोकाला होतं आणि घर दुसऱ्या. “मग लग्नाआधी तू गाडी शिकायचीस. माझ्याकडून.”

कॉलेजचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता. वहिनी दारात उभी राहिली तेव्हा मागच्या बाकावरची दोन मुलं ताडकन उभी राहिली. दोघं तिच्याच हाताखाली गाडी शिकली होती. एकाने तर सवयीने सीटबेल्ट चाचपावा तसा खांदाही चाचपला. सगळा वर्ग हसला आणि वहिनीचा पहिला दिवस तरून गेला.

शिकवायला एक बाई होत्या. बारीक चणीच्या, केस कापलेले, आवाज हळू. त्या म्हणाल्या, “आकड्यांची भीती वाटत असेल तर ती सोडा. बेरीज यंत्र करतं. इथे शिकायचं ते इतकंच, की घडलेली गोष्ट कुणाच्या बाजूने बघायची.”

वहिनीला वाटलं, हे सोपं दिसतंय. पण घोडं पेंड खायला लागलं ते नावे आणि जमा इथेच. डावीकडे नावे, उजवीकडे जमा. जन्मभर लोकांना डावं-उजवं शिकवलं, आणि आता स्वतःच प्रत्येक वळणावर चुकीचा हात दाखवत होती. शेवटी तिने न राहवून विचारलं, “बाई, बँकेत पैसे भरले की बँक म्हणते, तुमच्या खात्यात जमा. मग माझ्या वहीत बँकेच्या नावे का लिहायचं?”

“कारण बँक तिच्या बाजूने बोलते,” बाई म्हणाल्या. “तिला तुमचे पैसे परत द्यायचेत, म्हणून जमा. तुम्ही तुमच्या बाजूने बोला. घेणारा कोण? बँक. तिच्या नावे टाका.”

कळल्यासारखं वाटलं. घरी येईपर्यंत निसटलं. पहिल्या चाचणीत तिची तेरीज, म्हणजे नावे आणि जमा यांच्या बेरजा, जुळली नाही. फरक कशामुळे पडला हे शोधताना तिने बरोबर असलेल्या नोंदीही खोडल्या. मार्क इतके कमी पडले की तिने कागद पर्समध्ये घडी घालून ठेवला आणि दादाला सांगितलं, “बरा गेला.”

इकडे वन्संची गत याहून वाईट होती. आकड्यांपुढे वाघीण असलेली ही बाई स्टिअरिंगमागे बसली की शेळी व्हायची. समोरून सायकल दिसली तरी थांबायची. ओव्हरटेक करून गेलेल्या माणसाची काचेआडून माफी मागायची. वहिनी आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून शांतपणे म्हणायची, “वन्सं, रस्ता तुझ्याही बापाचा आहे. थोडा घे.”

“मला नाही जमत गं, कुणाच्या मध्ये यायला.”

वहिनीने हे हसण्यावारी नेलं.

सत्र अर्ध्यावर आलं तेव्हा बाईंनी एक गोष्ट सांगितली, ती वहिनीच्या डोक्यात अडकून बसली. धंदा वेगळा आणि मालक वेगळा. मालकाने जे घातलं ते त्याचं भांडवल, आणि भांडवल हे धंद्याच्या डोक्यावरचं देणं. म्हणून ताळेबंदात ते देण्यांच्या बाजूला बसतं.

“म्हणजे माझाच धंदा माझं देणं लागतो?” वहिनीने विचारलं.

“लागतोच. घरचा आहे म्हणून सुटत नाही.”

घरी करायला काम दिलं होतं: तुमच्या ओळखीच्या एखाद्या छोट्या धंद्याचा ताळेबंद मांडा. वहिनीने अर्थातच ड्रायव्हिंग स्कूल घेतली. एका बाजूला तीन गाड्या, वापराचा घसारा वजा करून. टेबल, खुर्च्या, गिअरबॉक्स, बँकेतली शिल्लक. दुसऱ्या बाजूला पेट्रोलपंपाचं आणि गॅरेजचं देणं. उरलं ते भांडवल. त्याच्यापुढे नाव लिहायचं होतं. स्कूलचा परवाना दादाच्या नावावर होता, म्हणून तिने दादाचं नाव लिहिलं. मग सुरुवात कशी झाली तेही लिहा असं सांगितलं होतं, म्हणून ती आठवू लागली.

सुरुवातीची गोष्ट त्या घरात शंभरदा सांगितलेली होती. कुणी पाहुणा आला की दादा रंगवून सांगायचा. पहिली गाडी सेकंडहँड घेतली, तिचा डावा दरवाजा बंदच होईना. मग तो दोरीने बांधला. शिकायला येणारा माणूस आत बसायचा, एका हाताने स्टिअरिंग धरायचा, आणि शेजारी दादा दोरी धरायचा. वळणावर दोरी सुटली की दादा निम्मा बाहेर. इथपर्यंत आलं की सगळे पोट धरून हसायचे. हसून झालं की गोष्ट संपायची.

त्या गाडीचे पैसे कुठून आले, इथपर्यंत गोष्ट कधी पोचलीच नाही. लपवलेलं काही नव्हतं. घरात सगळ्यांना माहीत होतं, की वन्सं तेव्हा टेलिफोन ऑफिसात नोकरीला होत्या, त्यांनी साठवलेलं सगळं त्या गाडीत घातलं, आणि पुढच्या वर्षी हिशेब बघायला म्हणून नोकरीही सोडली. बँकेचं कर्ज पुढे झालं, ते फेडलं. वन्संचं फेडायचं कुणाच्या मनातच आलं नाही. पगाराचाही प्रश्न आला नाही. लागतील तसे गल्ल्यातून घ्यायच्या, आणि त्यांना लागायचं तरी काय!

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर वहिनी बाईंपाशी गेली. नावं न घेता सगळं सांगितलं.

बाई फळा पुसत होत्या. “पगार घेतला नाही, तो आता लिहिता येणार नाही. न झालेला व्यवहार वहीत येत नाही. पण सुरुवातीला पैसे घातले, ते भांडवलच. आणि नफा वर्षानुवर्षं धंद्यात राहिला असेल, तर त्यातही त्यांचा वाटा बघावा लागेल.”

“पण त्या घरातच राहिल्या, जेवल्या. आम्ही कधी काही कमी केलं नाही.”

“ते मला नका सांगू,” बाई हसून म्हणाल्या. “हे या अभ्यासक्रमात नाही. हे तुम्ही एकत्र बसून बोलायचं.”

स्टिअरिंग हातात असलेल्या माणसाला अवघड गोष्ट विचारायची नाही, हा वहिनीचाच नियम होता. दोन दिवसांनी तिनेच तो मोडला. पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या चढावर वन्सं हाफ क्लच शिकत होत्या. इंजिन गुरगुरत होतं, मागे एक टेम्पो येऊन थांबला होता.

“वन्सं, दोरीवाल्या गाडीचे पैसे तुझे होते ना?”

क्लच सुटला. गाडीने गचका खाल्ला, बंद पडली आणि मागे सरकू लागली. वहिनीने ब्रेक दाबला. टेम्पोवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. वन्संनी या वेळी त्याची माफी मागितली नाही.

“हे शिकायला पाठवलं होतं तुला?”

“मी ताळेबंद मांडत होते. भांडवलापाशी अडले.”

“मग आणखी मांड. मला कावीळ झाली तेव्हा तू रात्ररात्र उशाशी बसलीस, ते मांड. आई गेली तेव्हा दादाने मला एकटं वाटू दिलं नाही, ते लिही. एका बाजूला माझे पैसे, दुसऱ्या बाजूला तुझी जागरणं. वजाबाकी कर आणि उरेल ते माझ्या हातावर ठेव. म्हणजे मी इथे भाडेकरू होते हे तरी पक्कं होईल.”

वहिनीने हँडब्रेक ओढला. दोघींनी जागा बदलल्या आणि वहिनीने गाडी घरी आणली. नंतरचे चार-पाच दिवस दोघींचं बोलणं पावती आणि पेट्रोलपुरतं उरलं. वीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं होतं. आपण शहाणपणा करायला गेलो आणि सोन्यासारखं नातं नासवलं, असं वहिनीच्या मनाने घेतलं. तिने त्या आठवड्यात वर्गालाही दांडी मारली.

मग एका दुपारी ऑफिसात कुणी नव्हतं. वन्सं टेबलाची काच पुसत होत्या. पुसून झालेलीच पुन्हा पुसत होत्या.

“मला राग कशाचा आला माहितीय?” त्या वर न बघता म्हणाल्या. “दरवर्षी मी ताळेबंद करायचे. भांडवलापुढे दादाचं नाव लिहायचे. आणि दरवर्षी माझा हात थोडा थांबायचा. मग माझीच मला लाज वाटायची, की भावाच्या घरात बसून मी हे मोजतेय. जे मला इतक्या वर्षांत तोंडातून काढता आलं नाही, ते तू एका चढावर विचारून मोकळी झालीस.”

“तू मागितलं असतंस तर दादाने दिलं नसतं का?”

“दिलं असतं. तिथल्या तिथे खिशातून काढून दिलं असतं. म्हणूनच मागितलं नाही. मला दिलेलं नको होतं, वहिनी. ते माझं असायला हवं होतं.”

वहिनी उठली आणि वन्संच्या शेजारी जाऊन बसली. तिने त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

दादाशी बोलणं आणखी अवघड गेलं. त्याला आधी फक्त अपमान ऐकू आला. “माझ्या बहिणीचा हिशेब तू मला सांगणार? मी तिला कधी नाही म्हटलंय?” असं म्हणून तो बाहेर गेला आणि सकाळीच धुतलेली गाडी पुन्हा धुवायला लागला. पण दोन दिवसांनी वर्ग सुटला तेव्हा तो कॉलेजच्या फाटकाशी वहिनीला न्यायला उभा होता. कधी येत नसे. निम्मा रस्ता संपल्यावर त्याने गाडीचा वेग कमी केला.

“तिने कधी विचारलंच नाही,” अखेर तो म्हणाला.

“हो. पण विचारायची वेळ तिच्यावर का यावी?”

घराकडचं वळण आलं आणि गेलं. दादा सरळच गेला. पुढच्या चौकातून गाडी वळवताना म्हणाला, “तिच्या पैशांवर उभे राहिलो, हे मी विसरलो नव्हतो. पण ते बोललं की मी लहान होतो. म्हणून लोकांना दोरीची गोष्ट सांगत राहिलो. हसून घेतलं की पुढचं कुणी विचारत नाही.”

वहिनीने त्याच्या हातावर हात ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाला आपण आज थोडं जास्त ओळखलं असं तिला वाटलं.

रविवारी तिघं ऑफिसच्या टेबलाभोवती बसली. वहिनीने आपला गृहपाठ मांडला. दादाच्या नावापुढे स्वल्पविराम देऊन तिने वन्संचं नाव घातलं होतं. वाटे कसे पाडायचे यावर तासभर बोलणं झालं. वन्सं म्हणत होत्या पाव पुरे, दादा म्हणत होता निम्मं घे. वन्संनी कागद आपल्याकडे ओढला, चष्मा नाकावर ढकलला आणि वर बघितलं.

“वहिनी, तुझं नाव कुठेय?”

“माझं? माझं कशाला?”

“गाड्या शिकवतं कोण?”

“अगं, मी तर घरचीच आहे.”

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि तिचं तिलाच ऐकू आलं. मग वन्सं हसायला लागल्या. असं हसणं त्यांना बऱ्याच वर्षांत आलं नसावं, कारण त्यांना ते आवरता येईना. वहिनीलाही हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. सत्रभर ‘तुमच्या बाजूने बोला’ म्हणून बाई सांगत होत्या, आणि ही शहाणी सगळ्यांच्या बाजूने बघत फिरली. आपली बाजू तेवढी हिला दिसली नव्हती.

“लिही,” दादा बहिणीला म्हणाला. “तिघांची नावं लिही. काय व्हायचं ते होऊ दे.”

वकिलाकडून भागीदारीचा करार झाला. वन्संनी वाट्यातला काही भाग काढून घेतला, बाकीचा भांडवल म्हणून धंद्यातच ठेवला. पण काढून द्यायला पैसे रोख कुठे होते? सगळ्यात नवी गाडी विकावी लागली. दादाच्या मनात ट्रक शिकवायचा बेत होता, तो मागे पडला. विकत घेणारा गाडी घेऊन गेला त्या दिवशी दादा जेवला नाही, आणि पुढे कित्येक दिवस उरलेल्या दोन गाड्यांमध्ये खोट काढत राहिला. न्याय केला म्हणून घर लगेच आनंदाने भरून गेलं, असं काही झालं नाही. शिकायला येणाऱ्यांना वाट बघावी लागे, वहिनीचे तास वाढले, संध्याकाळी वर्गात तिला पेंग यायची.

वन्सं गाडीच्या परीक्षेत एकदा नापास झाल्या. रिव्हर्स घेताना त्यांनी खांबाला अलगद टेकवली आणि परीक्षकाला म्हणाल्या, “खांबाला काही झालं नाही ना?” दुसऱ्यांदा पास झाल्या. लग्न नोंदणी कचेरीत झालं. चष्मेवाल्याला सही करताना स्वतःचाच चष्मा सापडेना, तो कपाळावर होता.

वहिनीची परीक्षा त्यानंतर आठवड्याने झाली. ताळेबंदाच्या दोन्ही बाजूंत थोडा फरक राहिला. शोधायला वेळ उरला नव्हता. तिने प्रत्येक नोंद नीट वाचून बघितली, कुठलीही उगाच खोडली नाही आणि पेपर देऊन बाहेर आली. निकालात पास होती. झेंडे लावण्यासारखं काही नाही, पण पास. या वेळी कागद पर्समध्ये न लपवता तिने वाहतुकीच्या खुणांच्या तक्त्याशेजारी चिकटवला.

आता दर महिन्याला हिशेब भागीदाराला पाठवावा लागतो. पहिले दोन महिने सुरळीत गेले. तिसऱ्या महिन्यात वन्संचा फोन आला.

“ही पाटी कसली घेतलीय? दिव्यांची?”

“बाहेर लावायला. संध्याकाळी लांबून नाव दिसतं.”

“मला न विचारता? एवढा खर्च?”

“धंदा इथे मी चालवते, वन्सं. पाटी लावल्यापासून चौकशा वाढल्यात.”

“चौकशा वहीत येत नाहीत. पैसे आले का ते सांग. माझाही पैसा आहे त्यात.”

“आणि माझा नाही का?”

आवाज चढले. वन्संनी पेट्रोलचं बिल उकरून काढलं, वहिनीने वन्संनी तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या निकामी पंख्याचा उद्धार केला. शेवटी, पुढे असा कुठलाही खर्च दोघींच्या होकाराशिवाय करायचा नाही, यावर तोडगा निघाला. फोन ठेवला तेव्हा वहिनीचे कान तापले होते.

दादा दारात उभा राहून ऐकत होता. “भांडलात?”

“भांडलो,” वहिनी म्हणाली. नणंद-भावजया असूनही आजवर त्या एकदाही अशा भांडल्या नव्हत्या. एक गप्प बसायची, दुसरी समजून घ्यायची. तिने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि तिच्या लक्षात आलं, की राग आहे, चांगलाच आहे, पण छातीवर दडपण असं काही नाही.

बाहेर पुढच्या तासाचा माणूस येऊन गाडीपाशी उभा होता. वहिनीने किल्ली उचलली.

“चल, मागच्या वेळी वळण कुठे चुकलं होतं तुझं?” ती म्हणाली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसली.